०.४ मिलिमीटरची नळी

दुपंखी विमानाची प्रतिकृती करताना दोन पंखांमधल्या ताणतारांच्या टोकांना धातूची बारीक नळी बसवतात. खऱ्या विमानात तारेचा ताण कमी-जास्त करण्यासाठी टर्नबकल असतो, त्याच्या जागी ही नळी दिसते. शिवाय तारेचा फास ती पकडून ठेवते, त्यामुळे गाठ मारावी लागत नाही. गाठ कितीही लहान मारली तरी लहान प्रतिकृतीवर ती आधी नजरेत भरते.

या छंदात एक आकडा सारखा कानावर येतो: ०.४ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ०.४, आतले भोक ०.२. पितळेची अशी नळी विकतही मिळते. मात्र आकडा प्रमाणाशी ताडून घ्यावा लागतो. १:३२ प्रमाणात ०.४ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे जवळजवळ १३ मिलिमीटर. हे टर्नबकलला शोभते. १:४८ मध्ये तेच १९ होतात, आणि १:७२ मध्ये २९, म्हणजे माणसाच्या अंगठ्याहून जाड. तरीही १:७२ च्या प्रतिकृतींवर ०.४ ची नळी सर्रास दिसते. हाताला सोयीची म्हणून ती वापरली जाते, विमानाशी तिचा संबंध नसतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या तालुक्याच्या गावी छंदसामानाच्या दुकानाची अपेक्षा कोणी करणार नाही. या तालुक्यात नळी म्हटली की तेरखेड्याच्या फटाक्यांची कागदी नळीच आधी आठवावी. पण मेडिकल दुकान असतेच, आणि तिथली इंजेक्शनची सुई म्हणजे सरळ, एकसारखी, न गंजणारी पोलादी नळी. सुईचा गेज नंबर वाढतो तशी ती बारीक होते. २७ नंबरची सुई बाहेरून सुमारे ०.४१ मिलिमीटर, भोक ०.२१, म्हणजे तोच ०.४ चा आकडा, गावातल्या गावात. ३० नंबरची ०.३१, आणि इन्सुलिनच्या सिरिंजची ३१ नंबरची सुमारे ०.२६. ही शेवटची १:४८ मध्ये साडेबारा मिलिमीटर भरते, आणि तेवढीच हवी असते. सुई कोरीच घ्यायची. वापरलेल्या सुईला हातही लावायचा नाही. तासलेले अणकुचीदार टोक आधी उडवायचे आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायचे.

खरे कसब कापण्यात आहे. पक्कडीने किंवा कटरने दाबले की नळी चपटी होते आणि भोक बुजते. पितळेची नळी काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून वर सर्जिकल ब्लेड हलकेच टेकवायचे आणि नळी पुढे-मागे लाटायची. भोवताली एक सलग चर पडतो आणि तुकडा आपोआप सुटतो. जोर दिला तर तो सुटत नाही, उडतो, आणि दोन मिलिमीटरचा तुकडा घरातल्या फरशीवर शोधणे हा दिवस घालवण्याचा हमखास मार्ग आहे. म्हणून कापण्याच्या रेषेजवळ दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात. पोलादी सुईपुढे ब्लेड बोथट होते. तिला हिऱ्याच्या कानसीने चर पाडून मोडावे लागते, आणि मोडण्याआधी भोकात बारीक तार सरकवून ठेवली तर तोंड मिटत नाही. सोनाराला हे सांगावे लागत नाही. पत्रा तारेभोवती वळवून, तो भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून सोनार नळी करतो, तेव्हाही आतली तारच तिला चपटी होऊ देत नाही. चिमटा, भिंग, कानस ही हत्यारेही त्याचीच. कापल्यावर तोंडावरची कोर शिवणाच्या सुईने काढली नाही, तर तीच पुढे दोरा कापते.

ताणतारेच्या जागी लावायच्या या दोऱ्यासाठी मासेमारीची नायलॉनची तंगूस लागते. ती नळीतून दोनदा जाते, त्यामुळे ०.२ च्या भोकात जास्तीत जास्त ०.१ ची तंगूस मावते; प्रत्यक्षात ०.०८ ची बरी. पंखात हातड्रिलने भोक पाडून तांब्याच्या तारेची कडी बसवतात. तंगूस नळीतून, मग कडीतून, आणि परत नळीतून घेतात. नळी कडीपर्यंत सरकवून सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकाने लावतात. उरलेले टोक छाटतात. थेंब मोठा पडला तर गोंद नळीबाहेर पसरून पांढरा पडतो.

सैल राहिलेली तंगूस ताणायला उदबत्ती पुरते. पेटलेले टोक तंगुशीला न लावता जवळून नेले की उष्णतेने नायलॉन आकसते. गोंदाच्या उग्र वासात उदबत्तीचा वास मिसळतो तेव्हा काम शेवटाला आलेले असते. घाई मात्र इथेच महागात पडते, कारण टोक क्षणभर रेंगाळले तर तंगूस वितळून तुटते आणि नळीपासून सगळे पुन्हा करावे लागते. ताण जास्त झाला तर प्लास्टिकचा पंखच वाकतो, म्हणून अधूनमधून प्रतिकृती समोरून पाहतात. आतल्या तारा आधी, बाहेरच्या नंतर. नाहीतर चिमटा आत जात नाही.

कोणत्या विमानाला नळी लावायची, हे मात्र विमानच ठरवते. १९३१ मध्ये प्रथम उडालेल्या टायगर मॉथवर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. त्याच्या पंखांमधल्या तारा मध्ये फुगीर आणि कडांना पातळ अशा पोलादी पट्ट्या होत्या. त्यांच्या टोकांना आट्यांचे दुबेळके असतात, टर्नबकल नसतो. अशा विमानाच्या प्रत्येक तारेवर गुबगुबीत ०.४ ची नळी चढवणे म्हणजे कसब दाखवण्यासाठी विमान खोटे करणे. तिथे टोकाशी ०.२६ चा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा पुरतो, आणि तार म्हणून तंगुशीऐवजी चपटा धागा शोभतो. टर्नबकलची जागा शेपटीकडे जाणाऱ्या, सुकाणू हलवणाऱ्या गोल तारांवर. भारतीय हवाई दलाच्या, १ एप्रिल १९३३ रोजी स्थापन झालेल्या पहिल्या स्क्वाड्रनची वापिती विमानेही दुपंखी होती. दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक वापिती उभे आहे. प्रतिकृती करणाऱ्याने त्याच्या तारांच्या टोकांची छायाचित्रे आधी पाहावीत आणि मग नळीला हात घालावा.