चौकट : वाशिमपासून लीग किती लांब?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा राष्ट्रीय फुटबॉल लीग जेमतेम दोन हंगामांची होती. १९९६-९७चं पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीकडे गेलं. जिल्हा झाला त्याच हंगामात, १९९८-९९ला, साळगावकरने गोव्याला ही लीग पहिल्यांदा जिंकून दिली.

पुढचा काळ आपल्याच पट्ट्याचा. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ हंगामांत विजेता गोवा-मुंबईबाहेर गेलाच नाही. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि २००५-०६ला मुंबईचा महिंद्रा युनायटेड. मधेच, २००७ला, लीगचं नाव आय-लीग झालं. एवढं वैभव, तरी महिंद्राने २०१०मध्ये संघच बंद केला. २०१६मध्ये धेंपो आणि साळगावकर आय-लीगमधून बाहेर पडले. ही हानी अजून भरून आलेली नाही.

२०१४मध्ये शहरांच्या नावांची इंडियन सुपर लीग आली. मुंबई सिटीने २०२०-२१ला साखळीतली ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. आय-लीग विजेत्याला वर चढण्याची वाट मात्र २०२३मध्ये उघडली. पहिला मान पंजाब एफसीचा.

विदर्भाचा एकही संघ या अव्वल पायरीवर खेळलेला नाही. वाशिमच्या मुलामुलींसाठी आजही सुब्रतो करंडकाची शालेय स्पर्धा हाच खरा दरवाजा : आधी जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य.