टेक्सासचे विलीनीकरण आणि मेक्सिको युद्ध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : टेक्सास अमेरिकेने मेक्सिकोकडून लढून घेतला.
वस्तुस्थिती : मेक्सिकोविरुद्ध बंड केले ते टेक्सासमधल्या वसाहतकऱ्यांनी. त्यांतले बहुतेक अमेरिकेतूनच आलेले होते. १८३६ पासून जवळपास दहा वर्षे टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याला सामावून घेणे म्हणजे गुलामगिरी असलेले आणखी एक राज्य आणि मेक्सिकोशी वैर, हे अमेरिकेतल्या अनेकांना पटत नव्हते. १८४४ मध्ये सिनेटने विलीनीकरणाचा करार ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. करारासाठी दोन तृतीयांश मते लागतात; म्हणून १८४५ मध्ये साध्या बहुमतावर भागणारा संयुक्त ठराव आणून काम साधले गेले.

गैरसमज : विलीनीकरण होताच युद्ध पेटले.
वस्तुस्थिती : मेक्सिकोने तेव्हा राजनैतिक संबंध तोडले, पण तोफा धडाडल्या त्या वर्षभराने. ठिणगी पडली सीमेवरून. मेक्सिकोच्या मते टेक्सासची हद्द नुएसेस नदीपाशी संपत होती, तर टेक्सासच्या मते ती पार दक्षिणेला रियो ग्रांदेपर्यंत होती. टेक्सासचा आधार होता १८३६ चा व्हेलास्को करार. त्यावर सही होती कैदेत असलेल्या सेनापती सान्ता आनाची, आणि मेक्सिकोच्या सरकारने तो कधीच मान्य केला नाही. विलीनीकरणासोबत हा वादही अमेरिकेच्या पदरात पडला.

गैरसमज : पहिला हल्ला मेक्सिकोचा, म्हणून युद्ध त्यानेच लादले.
वस्तुस्थिती : अध्यक्ष जेम्स पोक यांची नजर कॅलिफोर्नियावर होती. तो आणि न्यू मेक्सिको विकत घेण्यासाठी त्यांनी जॉन स्लायडेल यांना पाठवले. मेक्सिकोने त्यांना दाद दिली नाही. जानेवारी १८४६ मध्ये पोक यांनी जनरल झॅकरी टेलर यांना रियो ग्रांदेकडे कूच करण्याचा हुकूम दिला. २५ एप्रिलला मेक्सिकन घोडदळाने अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, तो याच वादग्रस्त पट्ट्यात. ही बातमी वॉशिंग्टनला पोहोचली ९ मेच्या संध्याकाळी. युद्धाची शिफारस करण्याचे मंत्रिमंडळात त्याच दिवशी, बातमी येण्याआधीच ठरले होते. अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडले, असा दावा पोक यांनी केला. ती नेमकी जागा दाखवा, असे आव्हान पुढे अब्राहम लिंकन या नवख्या प्रतिनिधीने दिले.

गैरसमज : तह झाला आणि प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने अमेरिकेने दीड कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख मिळवला. टेक्सास धरून मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूमी गमावली. पण या नव्या मुलखात गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावर जेत्यांमध्येच भांडण जुंपले आणि १८६१ च्या यादवी युद्धामागे ते एक मोठे कारण ठरले.

तेव्हा केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने युद्ध झाले नाही. सीमा अनिश्चित, शेजाऱ्याचा आणखी मुलूख हवासा वाटलेला आणि सैन्य वादग्रस्त जमिनीवर उभे, हे तिन्ही जुळले तेव्हा ते झाले.