तारेवाचून इंटरनेट दुसऱ्या गावाला कसे जाते?



आमची वस्ती टेकडीच्या पलीकडे आहे. तिथे मोबाईलला रेंज येत नाही. मागच्या पावसाळ्यात ई-पीक पाहणीसाठी बाबांनी कपाशीचा फोटो काढला. तो पाठवायला ते तीन वेळा टेकडी चढले, तेव्हा कुठे तो गेला. आजी म्हणली, "टेकडीवर रेंज येती, मग घरी काहून येत नाही?" मी हा प्रश्न गुरुजींना विचारला.

गुरुजी म्हणाले, "टेकडीवरून टॉवर दिसतो, तुझ्या घरून दिसत नाही. हेच कारण." मग त्यांनी एक प्रयोग करून घेतला. मी अंगणात उन्हात आरसा धरला. कवडसा भिंतीवर पडला, पण कोपऱ्यापलीकडच्या वर्गात काही जाईना. गुरुजींनी कोपऱ्यावर दुसरा मुलगा आरसा घेऊन उभा केला. माझा कवडसा त्याच्या आरशावर पडला आणि तिथून वळून थेट फळ्यावर! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रेडिओच्या लहरींचेही असेच असते. मोठी टेकडी आडवी आली की त्या अडतात. म्हणून मध्ये उंच जागी एक यंत्र ठेवतात. आरसा प्रकाश नुसता वळवतो. यंत्र मात्र निरोप ऐकते, त्याला जोर देते आणि पुढच्या यंत्राला सांगते. आपण वर्गात कानगोष्टी खेळतो तसेच. फरक एवढाच, की आपल्या खेळात शब्द बदलतो. यंत्रे मात्र निरोप तपासून घेतात आणि चुकला तर पुन्हा मागतात.

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, हे काम फार आधीपासून करतात. १९७८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात हॅम मंडळींनी संगणकाचे निरोप रेडिओवरून पाठवून दाखवले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला मोठा भूकंप झाला. तेव्हा हॅम मंडळी तिकडे गेली आणि त्यांनी रेडिओवरून निरोप पोहोचवले. हॅमला सरकारचा परवाना लागतो. त्यावर धंदा करता येत नाही. म्हणून घरोघरच्या इंटरनेटला दुसरा रेडिओ लागतो.

तो पालघर जिल्ह्यात वापरला गेला. मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सोबत्यांनी खामलोली व आसपासच्या सात गाव-पाड्यांत प्रयोग केला. जुन्या अँटेनाच्या टीव्हीसाठी राखलेल्या पुष्कळ लहरी रिकाम्या पडून होत्या. त्या लहरी झाडाझुडपांतून वायफायपेक्षा चांगल्या जातात आणि लांब जातात. त्यांवरून त्यांनी एका गावातले इंटरनेट दुसऱ्या गावापर्यंत नेले. तिथे वायफायचा डबा लावला, म्हणजे साध्या मोबाईलवर ते मिळू लागले. या कामाचे नाव 'ग्राम मार्ग'. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले.

हे समजल्यावर मी आणि माझा मित्र टेकडीवर गेलो. म्हसोबाच्या देवळापाशी उभे राहिलो. तिथून ग्रामपंचायतीचे छत दिसते आणि आमच्या घरचे पत्रेही दिसतात! ग्रामपंचायतीत इंटरनेट आहे. मग मधला आरसा म्हसोबापाशीच नाही का बसणार?

गुरुजी म्हणाले, "जागा बरोबर शोधलीस. पण खांब, वीज, पैसा, परवानगी आणि यंत्र सांभाळणारा माणूसही लागतो." हे सगळे आम्हा मुलांना जमणार नाही. म्हणून पालकांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. जागा दाखवायला मी येतो.

आजीला मी आरशाचा प्रयोग करून दाखवला. ती म्हणली, "म्हंजी मधी कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे, एवढंच ना?"

हो आजी, एवढंच!

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी
जि. प. प्राथमिक शाळा, जि. जालना