बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण : इशाऱ्यामागचा युक्तिवाद समजून घेऊया

संविधान दिन जवळ आला की बाबासाहेबांच्या संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणातली दोन-चार वाक्ये आपल्या मोबाईलवर फिरू लागतात. इशारा लक्षात राहतो, त्यामागचा युक्तिवाद मात्र मागे पडतो. आपण कार्यकर्ते वस्तीत, विहारात, मोर्चात बोलायला उभे राहतो. म्हणून या भाषणाची बांधणी आपण समजून घेतली पाहिजे.

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने श्रोत्यांना पटवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : वक्त्याची विश्वासार्हता, तर्क आणि भावना. हे तिन्ही मार्ग या भाषणात दिसतात.

विश्वासार्हता : बाबासाहेब आधी कामाचा हिशेब देतात. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. मग ते श्रेय वाटतात. बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांची नावे घेतात, सतत विरोध करणाऱ्या सदस्यांचेही आभार मानतात. अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे मोठी आकांक्षा घेऊन आपण इथे आलो नव्हतो, हेही मोकळेपणाने सांगतात. त्यामुळे पुढचा कठोर इशारा सभागृहाला ऐकून घ्यावाच लागतो.

तर्क : २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, ही विसंगती ते दाखवतात. ती लवकर दूर झाली नाही, तर विषमतेचे चटके सोसणारेच राजकीय लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांपैकी एकही वेगळी काढता येत नाही, हेही ते एकेक पायरीने सिद्ध करतात.

भावना : सिंधच्या दाहीर राजाच्या सेनापतींनी लाच घेऊन केलेली फितुरी ते आठवून देतात आणि इतिहासाची पुनरावृत्ती होईल का, असे विचारतात. लोकशाहीबद्दलही तसेच. बौद्ध भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम होते. ती व्यवस्था भारताने गमावली. पुन्हा गमावणार का? बुद्धाचा वारसा इथे केवळ अभिमानासाठी येत नाही, तो श्रोत्यांवर जबाबदारी टाकतो. ही भावना पुराव्याला धरून येते, हे ध्यानात घ्यावे.

याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध बजावले आहे. भक्तीतून अधोगती आणि अखेर हुकूमशाही येते, असे ते सांगतात. हे आपल्यालाही लागू आहे. बाबासाहेबांचे एक वाक्य फॉरवर्ड करून आपण थांबलो, तर त्यांना मानतो, पण त्यांच्या पद्धतीने विचार करत नाही.

यंदा विहारातल्या अभ्यासवर्गात हे भाषण संपूर्ण वाचूया. प्रत्येक परिच्छेदाला विचारूया : इथे दावा कोणता, पुरावा कोणता, आणि भावनेला हात कुठे घातला आहे? हेच प्रश्न मग आजच्या नेत्यांच्या भाषणांना आणि आपल्या स्वतःच्या भाषणांनाही विचारता येतील.