बाग आधी नकाशावर उगवते

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईला घराबाहेर घटकाभर टेकायचं म्हटलं, तर देऊळ नाहीतर माहेर! म्हणूनच नांदेडचं विसावा उद्यान, लातूरचं नाना-नानी पार्क मला मोलाचं वाटतं. तिथं बसलं तर ‘काय काम काढलं?’ असं कुणी विचारत नाही.

पण अशी बाग आधी नकाशावर उगवावी लागते. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी जागा आरक्षित करतात. दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही, की आरक्षण उठतं. बाग गेली ती गेलीच.

जागा मिळाली तरी पाणी हवं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा हिरवळीचं नाव कोण काढणार?

मोठ्या ले-आऊटमध्येही दहा टक्के ‘ओपन स्पेस’ सोडावी लागते. आपल्या कॉलनीतली कुठं आहे, ठाऊक आहे? पुढच्या भिशीला हा विषय काढाच. चौघी मिळून नगरपालिकेत जा, नकाशा बघा. जागा सापडली, तर कमी पाण्यावर तगणारे लिंब, करंज लावायचा आग्रह धरा. सावली पडायला काही वर्षं लागतील, पण तिथं बसतील त्या आपल्याच लेकी-सुना.