तबकडीविना गाजणारं गाणं

धान कापून झालं, दिवाळी सरली की वडशाला वेग येतो. गडचिरोली जिल्ह्यातलं हे वडसा, म्हणजेच देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथेच आहेत. गावोगावच्या मंडळांची माणसं येतात, मंडईच्या जत्रेची नाहीतर शंकरपटाच्या बैलशर्यतीची तारीख सांगतात, नाटक ठरवून जातात. मग चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत हंगामभर रात्री जागत्या राहतात.

नाटक म्हणून ओळखली जात असली, तरी ही रंगभूमी गाण्यावर उभी आहे. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो तो संवादांइतकाच गाण्यांमुळे. हार्मोनियम-तबल्याच्या जोडीला आता ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले, पण वादक समोर बसूनच वाजवतात. लावणीला ‘वन्स मोअर’ मिळाला की कथानक खुशाल थांबतं. दंडार आणि खडीगंमत या लोककला पाहत वाढलेल्या या मुलखाला नाटकातलं गाणं कधी उपरं वाटलंच नाही.

गाण्यावरच उभ्या शहरी बँडचं नशीब मात्र एखाद्या अल्बमने पालटतं. आपल्याकडचे बँड बहुतांशी परदेशी गाणी वाजवत होते, तेव्हा मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’मधून स्वतःची गाणी आणली. ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडचा १९९१चा ‘नेव्हरमाइंड’ तर जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि आडबाजूचं अल्टरनेटिव्ह रॉक घरोघरी पोचलं.

झाडीपट्टीच्या वाट्याला अशी तबकडी आली नाही. इथे नाव होतं ते तिकीट काढून मांडवात बसलेल्या माणसांमुळे.

बाहेरच्या जगाची मोठी दाद मिळाली ती २०२३ मध्ये. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. ५,०००हून अधिक प्रयोग, ८०० भूमिका! मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांबाहेर एवढी कारकीर्द उभी राहिली, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

आता या गाण्यांचं नीट ध्वनिमुद्रण व्हायला हवं. मोबाइलवर टिपलेल्या तुकड्यांवर भागणार नाही. गीतकार, गायक, वादक यांच्या नावांसह, झाडीबोलीचा हेल न घासता, अख्खी रात्र नोंदवली पाहिजे. आणि ते काम वडशातच, हंगाम चालू असताना व्हावं.