चार टन भागिले चार

सकाळी 7.40 मुलुंडहून धीमी लोकल, घाटकोपरला मेट्रो, साकीनाका. खांद्याच्या पिशवीत लेव्हल असल्याने गर्दीत ती पोटाशी धरावी लागते.

9.00 भाड्याचा गाळा, 50 टनी पॉवर प्रेस. (50 टन हा त्याचा दाब, वजन साधारण 4 टन.) फाउंडेशनसाठी खड्डा खणायला सोसायटीची मनाई, आणि भिंतीपलीकडे सरफेस ग्रायंडिंगवाला. जुना प्रेस कोब्यालाच बोल्टने आवळलेला होता. तो चालू झाला की शेजारच्या जॉबवर लाटा उमटायच्या. म्हणून या प्रेसच्या पायांखाली रबरी माउंट.

मालक म्हणाले, "चार टन भागिले चार. एकेक टनाचे द्या की!" तसं चालत नाही. फ्लायव्हीलच्या बाजूच्या पायांवर भार जास्त, तिथले माउंट वेगळे. शिवाय तेल लागून साधं रबर फुगतं, म्हणून नायट्राइल.

10.30 खलाशी आले. जॅक, पहार, लाकडी ठोकळे. एकेक कोपरा उचलायचा. "अजून एक सूत घे... बास!" ठोकळा सरकवल्याशिवाय कुणी हात आत घालत नाही.

12.00 बोल्स्टर (प्रेसच्या टेबलावरची सपाट प्लेट) पुसून लेव्हल ठेवली. एक रेघ म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटर. दिवसातलं खरं काम हेच. बुडबुडा मधोमध आला तरी चौथा पाय अधांतरी असू शकतो. मग दर स्ट्रोकला प्रेस डुलतो आणि हळूहळू जागा सोडतो. म्हणून प्रत्येक नट पान्याने चाचपायचा. सैल लागला तर अर्धा आटा, पुन्हा लेव्हल. जेवण दोनला.

3.00 ट्रायल. मिनिटाला साठ स्ट्रोकची संथ लय रबर अडवत नाही. पत्रा तुटताक्षणी ताणलेली फ्रेम झटक्यात मोकळी होते. तो झटका रबराने गिळायचा. "अहो, हा हलतोय!" मालक घाबरले. थोडा हलणारच, आधी हा धक्का जमिनीत जात होता.

4.30 ग्रायंडिंगवाल्याने एक पास मारून जॉब ट्यूबलाइटखाली तिरका धरला. लाटा गेल्या, पण एका कडेला पुसट रेघा होत्याच. प्रेसला येणारा हवेचा लोखंडी पाइप सामाईक भिंतीला क्लॅम्प केलेला सापडला. मधला तुकडा कापून रबरी होज घातला.

6.00 लॉकनटवर रंगाची खूण केली. "भाराखाली रबर बसतं. आठवड्याने पुन्हा लेव्हल बघायला येतो."

"त्याचे वेगळे पैसे?"

"बिलात धरलेत, शेठ."